अंधारात हलवलेली मान

नागपूर
१२ फेब्रुवारी २०२४

प्रिय ताईस,
सप्रेम जय भीम.

काल संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मी "हो, हो, जेवलो" म्हणून ठेवून दिला. तू काय विचारलंस ते मला कळलं नाही. जेवणाचंच विचारलं असशील असं धरून चाललो. तुझ्या घरचा मोबाईल नातवंडांच्या हातात असतो, त्यावर काही लिहिलं की तुझ्याआधी अर्धं रामटेक वाचतं. म्हणून कागद घेतला.

मी एका भानगडीत सापडलो आहे. घाबरू नको, पोलिसांची नाही.

सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत गिरिधरचं छोटं थिएटर आहे, मी दर रविवारी सकाळी तिथे जातो, हे तुला माहीत आहे. त्याचे वडील सिनेमे वाटपाचा धंदा करायचे. घ्यायच्या आधी सिनेमा बघून घ्यावा म्हणून त्यांनी ऑफिसच्या वरच्या मजल्यावर पन्नासेक खुर्च्यांचा हॉल बांधला होता. धंदा गेला, हॉल राहिला. आता गिरिधर तिथे जुने काळे-पांढरे सिनेमे लावतो. त्याची एक पद्धत आहे. सुरू होण्याआधी पडद्यासमोर उभा राहून विचारतो, "कोनं कोनं आधी पाह्यला?" ज्यांनी पाहिला ते हात वर करून मागच्या रांगेत जातात, नव्याने बघणारे पुढे बसतात. त्याचं म्हणणं असं की जुन्यांना पडदा पाठ असतो, त्यांना नव्यांची दचकणारी डोकी बघायला मिळाली पाहिजेत. आणि खरंच मजा येते. मेलेला भाऊ दारात उभा राहणार हे आम्हाला माहीत असतं, पुढच्या पोरांना नसतं. तो आला की पुढची सगळी डोकी एकदम वर होतात, आणि मागे आम्ही म्हातारे, आम्हीच त्याला जिवंत केल्यासारखे, गालात हसतो.

मला ऐकू येत नाही हे तिथे कोणाला माहीत नाही. कळू द्यायचंही नाही. बहिऱ्याला सिनेमा कशाला, असं कोणाच्या डोळ्यांत दिसलं तर मी परत पाऊल टाकणार नाही. आणि मला गरजही नाही. ते संवाद माझ्या डोक्यात त्याच आवाजात वाजतात, गिरिधरच्या खोकणाऱ्या स्पीकरपेक्षा चांगले. उजेडात कोणी बोललं तर ओठ वाचतो. कारखान्यात पत्रे ठोकण्याच्या आवाजात आम्ही सगळे ओठांवरच बोलायचो, ती सवय कामी येते. अंधारात मात्र काही दिसत नाही. तिथे मी मान हलवतो.

माझ्या शेजारी जया मॅडम बसतात. शाळेत शिवणकाम शिकवायच्या, आता रिटायर आहेत, यजमान नाहीत, मनीषनगरात एकट्या राहतात. सिनेमा चालू असताना त्या माझ्याकडे झुकून काहीबाही बोलतात. "छान आहे न" वगैरे म्हणत असतील असं समजून मी मान हलवतो. बरेच महिने हे सुरळीत चाललं.

काल मध्यंतराच्या थोडं आधी, नायिका घराला कुलूप लावते तिथे, त्या झुकल्या, काही बोलल्या. मी मान हलवली. एरवी त्या लगेच पडद्याकडे वळतात. काल वळल्या नाहीत. माझ्याकडेच बघत राहिल्या. पडद्याचा उजेड तोंडावर होता, डोळे भरलेले होते. त्यांनी माझ्या हातावर क्षणभर हात ठेवला आणि काढून घेतला. मध्यंतरात खालच्या ठेल्यावरचे तर्री-पोहे खाल्ले नाहीत आणि सिनेमा संपायच्या आत निघून गेल्या.

ताई, मी कशाला हो म्हणालो? सकाळपासून घरात येरझारा घालतो आहे. चहा दोनदा उतू गेला. 

तुझा
धम्मानंद


रामटेक
१९ फेब्रुवारी २०२४

चि. धम्मानंद यास,
जय भीम आणि आशीर्वाद.

मी जेवलास का असं विचारलं नव्हतं. हरभरा सोलून पाठवू का विचारलं होतं. तू जेवलो म्हणालास, म्हणून शेजारणीला देऊन टाकला.

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले, दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा राग आला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण अरे, बाईमाणसाच्या प्रश्नावर झाकल्या मुठीने मान हलवतात का? तिने तुला विचारलं असेल, माझं घर विकत घेता का, आणि तू घेतो म्हणून बसलास. नाहीतर विचारलं असेल, तुम्हाला वेड लागलं आहे का, आणि तू हो म्हणालास. हे दुसरं असेल तर काळजी नाही, उत्तर बरोबर आहे.

पण डोळे भरले होते म्हणतोस. हातावर हात ठेवला म्हणतोस. आता मी म्हातारी आहे, मूर्ख नाही. माणसाचे डोळे भरतील असे प्रश्न या वयात दोन-चारच उरतात. तू शहाणा असतास तर त्यातला एक तुला तिथल्या तिथे सुचला असता.

त्या कोणाच्या, कुठल्या, हे मी विचारणार नाही. विचारलं की तू लिहिशील, ताई जुन्या वळणाची झाली. मला एवढंच माहीत आहे की मयुराची आई गेल्यापासून तुझ्या पत्रात एका बाईचं नाव पहिल्यांदाच आलं आहे. तुझी ती लेक बंगलोरहून तुझी काळजी करते, मी इथून करते, आणि तू थिएटरात बसून मेलेले भाऊ जिवंत करतोस.

रविवारी जा आणि उजेडात सांग, मॅडम, मला ऐकू येत नाही, तुम्ही काय विचारलं ते पुन्हा सांगा. एवढं सोपं आहे. माझे गुडघे चांगले असते तर मीच एसटी धरून आले असते आणि तुझ्या वतीने सांगितलं असतं. 

तुझी
अंजनाताई


नागपूर
४ मार्च २०२४

प्रिय ताईस,
सप्रेम जय भीम.

तीन रविवार झाले, सांगितलं नाही. आधी शिव्या देऊन घे, मग पुढचं वाच.

पहिल्या रविवारी, तुझं पत्र यायच्या आधीच, सांगणार होतो. जिन्यात वाक्य घोकत होतो. वर पोचलो तर मॅडम आधीच येऊन बसलेल्या, आणि माझ्याकडे असं बघितलं त्यांनी की जणू मीच काहीतरी घेऊन यायचं होतं आणि रिकाम्या हाताने आलो. वाक्य गेलं. पूर्ण सिनेमाभर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. पूर्वी त्या बोलायच्या तेव्हा मला कानाशी नुसती ऊब यायची, तीही आली नाही, आणि तुला खरं सांगतो, त्या दिवशी मला पहिल्यांदा मी बहिरा झालो आहे असं वाटलं.

काल मी युक्ती केली. मध्यंतरात त्यांना बाहेर गॅलरीत गाठलं. तिथे भरपूर ऊन असतं, ओठ नीट दिसतात. विचारलं, "मग मॅडम, काय ठरलं तुमचं?" असं मोघम विचारलं की समोरचा आपोआप सगळं सांगतो. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगा." ओठ मी स्पष्ट वाचले, चूक नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी हसलो आणि म्हणालो, "सांगू की, घाई काय आहे!" आणि पुढे पोह्यांची तर्री हल्ली पातळ झाली आहे असं काहीतरी बोललो.

तुम्ही सांगा, म्हणजे तेच ना ताई? तू म्हणतेस ते दोन-चार प्रश्न मी मोजून पाहिले. बाईने विचारायचं धाडस केलं, मी मान हलवली, आता पुढचं पुरुषाने बोलावं म्हणून ती थांबली आहे. दुसरा अर्थ मला लागत नाही. आज बर्डीवर जाऊन एक फिकट निळा सदरा घेतला. घरी येऊन घातला, आरशात पाहिलं आणि काढून ठेवला.

एक जुनी गोष्ट सांगतो म्हणजे तुलाही पटेल. दिवाळीच्या आधी त्या माझ्या पुढच्या रांगेत, एका बाजूला बसायच्या. एका रविवारी हॉलमधली पोरं एकाएकी मागे वळून हातवारे करायला लागली, शिट्ट्या मारत असावीत, गिरिधर वर मशीनकडे पळाला. पडदा तर स्वच्छ दिसत होता. हल्लीच्या पोरांना धीर म्हणून नाही. मी आपला शांत बसून होतो. नेमका तो विसरभोळ्या मामाचा प्रसंग चालला होता, मी पोट धरून हसलो. बघतो तर मॅडम वळून माझ्याकडेच बघत आहेत. पुढच्या रविवारी गिरिधरने विचारलं तेव्हा त्यांनी हात वर केला आणि सरळ माझ्या शेजारची खुर्ची धरली. तेव्हापासून तिथेच. माणसाचं हसणं आवडू शकतं, नाही का?

पुढच्या रविवारी नक्की सांगतो. सदरा घालून जातो.

तुझा
धम्मानंद


रामटेक
११ मार्च २०२४

चि. धम्मानंद यास,
आशीर्वाद.

अरे मूर्खा, आवाज गेला होता.

पडदा चालू, पोरं ओरडतात, मालक मशीनकडे पळतो, म्हणजे दुसरं काय असेल? सगळ्या हॉलमध्ये मुका सिनेमा चालला होता आणि तू एकटा मामाच्या बोलण्यावर पोट धरून हसत होतास. तिने वळून पाहिलं ते तुझं हसणं आवडलं म्हणून नाही. तिला कळलं. त्या दिवसापासून तिला माहीत आहे.

आणि दुसरं. आधी पुढे बसायची ती बाई एका आठवड्यात सगळे जुने सिनेमे पाहिलेली कशी निघाली?

हे लक्षात आलं तेव्हा मी तांदूळ निवडत होते. सूप तसंच ठेवून उठले. मला बाकी सगळं कळतं, एवढंच कळत नाही की ज्याला ऐकू येत नाही हे माहीत आहे त्याच्याच कानाशी एखादी बाई महिनोन्महिने काय बोलत असेल? आणि डोळ्यांत पाणी आणून त्यालाच प्रश्न काहून विचारेल? सुनेला मी कोणाचं नाव न घेता विचारलं, ती म्हणाली, "आई, तुमी कोनती सिरियल पाहून राहिल्या?"

तू आता लपवतो आहेस ते फक्त स्वतःपासून. घाई काय आहे म्हणालास तिला! तुझं वय काय, तिचं काय? घाई आहे.

हे पत्र मिळेल त्या दिवशीच तिच्या घरी जा. रविवारची वाट पाहू नकोस.

तुझी
ताई


नागपूर
२६ मार्च २०२४

प्रिय ताईस,
जय भीम.

तुझं पत्र मिळालं त्याच्या आदल्याच रविवारी त्यांची खुर्ची रिकामी होती. पुढच्या रविवारीही रिकामी. मी म्हटलं तब्येत असेल. तुझं पत्र खिशात घेऊन मी मनीषनगरच्या बसमध्ये दोनदा बसलो आणि दोनदा मध्येच उतरलो. त्यांना सगळं माहीत आहे हे कळल्यावर तोंड कसं दाखवायचं? महिनोन्महिने मी मान हलवत होतो आणि त्या बघत होत्या.

परवाच्या रविवारीही त्या नाहीत म्हटल्यावर गिरिधरला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम? त्या तं पुण्याले चालल्या न काका, पोराकडे, कायमच्या. तुमाले नाई सांगलं? तुमच्यासंगच तं बोलत राहत होत्या."

काल धुळवड होती, रस्त्यावर पोरं रंग घेऊन उभी. तसाच मॅडमच्या घरी गेलो. दाराला कुलूप. शेजारी प्रेमिलाबाई म्हणून आहेत, त्या बाहेर आल्या. मी पहिल्यांदाच एका अनोळखी बाईला सरळ सांगितलं, मला ऐकू येत नाही, जरा माझ्याकडे तोंड करून बोला. काही झालं नाही, ताई. जमीन दुभंगली नाही. त्यांनी उलट मला खुर्ची दिली आणि सावकाश बोलल्या. मॅडमचा मुलगा सुशील गेलं वर्षभर मागे लागला होता, इथे एकटी काहून राहतेस म्हणून. मॅडमचं ठरत नव्हतं. मग म्हणे एका रविवारी सिनेमाहून आल्या आणि प्रेमिलाबाईंना म्हणाल्या, "मी विचारलं एका माणसाले. पाहू." त्यानंतर काही दिवस रोज संध्याकाळी फाटकाशी उभ्या राहायच्या. मग एक दिवस सुशीलला फोन केला, ये म्हणून. सध्या त्या पुण्याला आहेत. किल्ली प्रेमिलाबाईंकडे आहे, सामान मागाहून जायचं आहे.

आता सगळं जुळलं. त्यांनी विचारलं, मी पुण्याला जाऊ का? आणि मी मान हलवली. पुढे गॅलरीत तोंडावर सांगायची वेळ आली तर हसून तर्रीवर बोललो. मी त्यांना जा म्हटलं. निळा सदरा आणला होता मी आणि त्यांना जा म्हटलं.

प्रेमिलाबाई फोन नंबर देत होत्या. फोन घेऊन मी काय करू? नंबर घेऊन मेसेज लिहायला बसलो, बोट चुकलं आणि लिहिण्याऐवजी अंगठ्याचं चित्र निवडलं गेलं. ते पाठवण्याआधी पुसलं. शेवटी म्हटलं पत्र देतो. लिहून त्यांच्याकडे नेऊन देणार आहे, त्या पुण्याला पाठवतील.

रात्र झाली की निदान झोपता तरी यावं. तेही जमत नाही.

तुझा
धम्मानंद


नागपूर
२७ मार्च २०२४

आदरणीय जया मॅडम यांना,
सप्रेम नमस्कार.

मला ऐकू येत नाही. चार वर्षं झाली. डावा कान पूर्ण गेला आहे, उजवा फक्त दार आपटलं तर सांगतो. मुलीने मशीन आणून दिलं आहे. ते लावलं की सिनेमातली नायिका कुजबुजते आणि मागच्याच्या हातातलं चिवड्याचं पाकीट गर्जना करतं, म्हणून ते कपाटात असतं. खरं कारण ते नाही. मशीन लोकांना दिसतं, हे खरं कारण आहे.

माझी बहीण म्हणते तुम्हाला हे आधीपासून माहीत आहे. असेल तर मी तुमच्यासमोर किती हास्यास्पद दिसलो असेन याचा विचार करवत नाही. नसेल तर तुम्हाला वाटत असेल की हा माणूस आपलं सगळं ऐकत होता आणि समजून मान हलवत होता. तसं नव्हतं. तुम्ही मला जे जे सांगितलंत त्यातलं एक अक्षर माझ्याकडे नाही. मी चोरी केली नाही, पण विश्वासाला पात्रही नव्हतो.

त्या रविवारी तुम्ही मला काही विचारलंत आणि मी मान हलवली. ते उत्तर नव्हतं, सवय होती. पुढे गॅलरीत "घाई काय आहे" म्हणालो, तेही काही न कळता. तुम्ही पुण्याला गेलात ते माझ्या मान हलवण्यामुळे असेल, तर ती मान परत घेतो. तुमचं जाणं मुलासाठी, सुखासाठी असेल तर मी मध्ये येणारा कोण? पण माझ्या हो म्हणण्यावर जाऊ नका. ते हो खोटं होतं.

प्रश्न पुन्हा विचारा, एवढंच मागणं आहे. कागदावर विचारा.

आपला
धम्मानंद


रामटेक
५ एप्रिल २०२४

चि. धम्मानंद,

काही आलं का? इथे पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी दिसला की मी उठते, मग गुडघा धरून बसते. तुझं पत्र नाही आलं म्हणजे तिचं नाही आलं असं समजते आहे.

तिला उलटून काही लिहू नकोस. तगादा लावू नकोस. गिरिधरकडे जात जा, घरात बसून राहू नकोस. तिची खुर्ची रिकामी दिसते म्हणून जात नसशील, तर तूच तिच्या खुर्चीवर बस.

ताई


पुणे
१० एप्रिल २०२४

धम्मानंदजी यांना,
सप्रेम नमस्कार.

प्रेमिलाने तुमचं पत्र पाठवलं. आठवडा झाला. रोज उत्तर लिहायला बसते आणि सून आली की वही मिटते. काल पाडवा होता, आज मंडळी बाहेर गेली आहेत, म्हणून लिहून टाकते.

तुमच्या ताई बरोबर आहेत. त्या दिवशी आवाज गेला आणि तुम्ही हसलात तेव्हाच मला समजलं. आधी वाईट वाटलं. मग घरी गेल्यावर एक वेगळाच विचार आला आणि तो मनातून जाईना. तुम्हाला तो आवडणार नाही, पण तुम्ही खरं लिहिलंत, मीही लिहिते.

घरी मी भिंतींशी बोलायला लागले होते. त्याची मला भीती वाटायची. शेजारी कोणी ऐकलं तर सुशीलला कळवतील, आणि मग तो मला न्यायला येईल. थिएटरात अंधारात शेजारच्या माणसाशी बोलणारी बाई वेडी ठरत नाही, फार तर वाईट प्रेक्षक ठरते. म्हणून मी हात वर केला. त्यातला एकही सिनेमा मी पाहिलेला नव्हता. आमच्याकडे बायकांनी थिएटरात जायचं नाही असा नियम होता, यजमान होते तोवर तो मोडला नाही. त्यामुळे मागच्या रांगेत बसून प्रत्येक वेळी मीही पुढच्या पोरांबरोबर दचकत होते, आणि ते लपवत होते. तुमच्या लक्षात आलं नाही, कारण तुम्ही पुढच्यांची डोकी बघत होतात.

मी तुम्हाला सगळं सांगितलं आहे. यजमानांचा राग, सुशीलच्या वेळचे दिवस, मी कोणाला कधी न सांगितलेल्या गोष्टी. तुम्ही प्रत्येक वेळी मान हलवत होता. ऐकू जात नाही हे माहीत असूनसुद्धा त्या मान हलवण्याने मला घरी जाऊन झोप लागायची. तुम्ही म्हणता विश्वासाला पात्र नव्हतो. मीच तुमच्या न ऐकण्याचा फायदा घेतला, आणि तुम्हाला कळू दिलं नाही.

आता त्या रविवारचं. मी तुम्हाला पुण्याला जाऊ का असं विचारलं नव्हतं. जायचं जवळजवळ ठरलंच होतं. मी म्हणाले, "मी पुण्याले चालली, पोराकडे. तुमी मले थांबवान का?"

आणि तुम्ही मान हलवलीत.

ती सवय होती हे तुम्ही आज सांगता, मला तेव्हाच माहीत होतं. ऐकूच गेलं नव्हतं तर थांबवणार कसे? हे सगळं समजत असून मी वाट पाहिली. पुढच्या रविवारी पाहिली, त्याच्या पुढच्या रविवारी पाहिली, संध्याकाळी फाटकाशी उभी राहून पाहिली. मग तुम्ही स्वतःहून गॅलरीत आलात, काय ठरलं विचारलंत, माझ्या जिवात जीव आला. तुम्ही सांगा म्हणाले. तुम्ही म्हणालात, घाई काय आहे. धम्मानंदजी, घाई होती. सुशील रोज फोन करून तारीख मागत होता.

तुमचा राग नाही. स्वतःचाच येतो. साठी उलटलेली बाई, अंधारात, बहिऱ्या माणसाला विचारते आणि उजेडात विचारायला घाबरते.

इथे सगळं चांगलं आहे. मला वेगळी खोली आहे, नळाला चोवीस तास पाणी आहे. मी खिडकीशी बसते आणि कोणाशी बोलत नाही, भिंतीशीही नाही. सामान महिनाअखेरीला येणार आहे.

तुम्ही कागदावर विचारा म्हणालात म्हणून विचारते. यावेळी ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नाही. तुम्ही मला थांबवाल का?

जया


नागपूर
१५ एप्रिल २०२४

जया मॅडम यांना,
सप्रेम जय भीम.

परवा तुमचं पत्र आलं. काल १४ एप्रिल. दीक्षाभूमीवर गेलो होतो. ढोल मला पायांतून ऐकू येतात. तासभर तिथे उभा राहिलो, मग घरी येऊन ताईला दोन ओळी टाकल्या आणि मयुराला मोबाईलवर लिहिलं. मयुराने लगेच माझं पुण्याचं तिकीट काढून पाठवलं. तिने काहीच विचारलं नाही, ताईने आधीच कोणाच्या तरी मोबाईलवरून तिला सगळं सांगितलेलं दिसतं.

हो. थांबवतो. इतके दिवस थांबवायला हवं होतं ते आता थांबवतो. सुशीलशी बोलेन, त्याने काही विचारलं तर तोंड माझ्याकडे करून विचारायला सांगा. तुम्ही अंधारात मला जे सांगितलंत ते सगळं उजेडात पुन्हा सांगावं लागेल, त्याला किती वर्षं लागतील मला माहीत नाही. नको असेल तर त्यातलं काही सांगू नका. पण परत चला.

हे पत्र पोचायला तीन-चार दिवस लागतील. गाडी उद्या सकाळीच पोचते, म्हणजे मी आधी येतो आहे. मग लिहितो कशाला, असं तुम्हाला वाटेल. समोर आल्यावर माझं काय होतं ते तुम्ही गॅलरीत पाहिलं आहे. दारात उभा राहून मी बहुतेक पुण्यातल्या उन्हाबद्दल किंवा पोह्यांबद्दल बोलायला लागेन. तिकडे लक्ष देऊ नका. मला आत घ्या आणि पत्र येईपर्यंत राहू द्या.

तुमचा
धम्मानंद